बाभळीखालचा ओढा नकाशात नव्हता

मंडळी, घडलं ते लिहितो. डोंगरातले ओढे मोजणारे साहेब आज वस्तीवर आले होते. नव्या रस्त्याखाली पाणी जायला मोरी कुठं ठेवायची, ते या मोजणीवरून ठरणार.

त्यांच्या नकाशात आमची गाडीवाट ओढा झाली होती. बाभळीखालचा खरा ओढा नव्हताच. तिथं मोरी नसली, तर पाणी थेट माझ्या घरात.

साहेब म्हणाले, "आजोबा, हे वरून, आभाळातून काढलेलं चित्र आहे. नकाशा बरोबर आहे म्हणून सही करा."

"वरनं बाभळीच दिसणार की! खाली ओढ्यात उतरा."

चौथी शिकलेला मी, भीती वाटत होती. तरी ओढ्यात जाऊन उभा राहिलो. "टेप लावून ओढा मोजा, मग सही."

शेवटी साहेब उतरले. ओढा नकाशात चढला. उद्या कुणी पुसला, तर पुन्हा उभा राहीन.

तुमचा ओढा नकाशात आहे का?