हात न टेकता

शांता जमिनीवरून उठताना हात टेकत नसे. पासष्टी ओलांडली होती, तरी मांडी सोडायची, पाय जवळ घ्यायची आणि सरळ उभी राहायची. नवी गिऱ्हाइकं पाहत राहायची. ती म्हणायची, "पाहून काय राहिले? जेवा ना."

ती माझी बायको. मी जास्त शिकलेलो नाही. जसं आठवतं तसं लिहितो.

आम्ही विणकर. माग बंद पडले तेव्हा तिनं घरातच सावजी मटणाची खानावळ काढली. मागाचा एक लाकडी खांब तेवढा घरात राहिला, बाकी ठिकाणी पंगत बसू लागली. मटणाचा मोठा गंज, म्हणजे भरलेलं पातेलं, ती एकटी चुलीवरून उतरवायची. मी पुढे झालो तर म्हणायची, "सरका तिकडं, सांडवान."

पाळी गेली त्या वर्षी तिनं गळ्यात तुळशीची माळ घातली. आमच्याकडे बऱ्याच बाया घालतात. विटाळ संपला, आता देवाचं करायला मोकळी, असं म्हणतात. माळ आली की मटण, अंडी बंद. तिनं खाणं बंद केलं, रांधणं नाही. चव घ्यायची नाही म्हणून पळीभर रस्सा माझ्यासमोर धरायची. "मीठ पाहा हो." माझी जीभ तेव्हापासून तिच्या चाकरीत होती.

स्वतः मात्र सगळ्यांच्या मागून जेवायची. भात, वरून डाळीचं पाणी. नाहीतर चहा-टोस्ट. उपास वेगळेच. वर्ष-दोन वर्षांत दंड वाळले, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. गंज सूनबाई रेखा उतरवू लागली. एक दिवस शांता कांदे चिरायला बसली आणि तिला उठताच येईना. रेखानं हात दिला. तिनं झटकला. खांबाला धरून कशीबशी उठली.

हात का झटकला, ते मला माहीत होतं. माहेरी उमरेडला तिची आई शेवटी अशीच झाली होती. दोघी सुना बगलेत धरून उठवायच्या आणि बोलायच्या, "उठ वं म्हातारे, किती जड झाली." शांतानं ते ऐकलं होतं. त्या दिवशी मला म्हणाली, "मी आईसारखी नाई होणार. मले उठवाले कोणाचा हात नको."

रेखा तिला दवाखान्यात घेऊन गेली. मी सोबत होतो. डॉक्टरबाईंनी दंड दाबून पाहिला. म्हणाल्या, "मावशी, पाळी गेली की बाईचं मांस लवकर झिजतं. त्यात तुम्ही नुसत्या भातावर. अंडी खा."

"अंडं नाई बाई. माळ आहे."

"मग घट्ट डाळ, चणे, दही, सोयाबीनची बडी. रोज, प्रत्येक जेवणात. अन् वजन उचला. जड काम सोडू नका."

घरी येताना रेखा म्हणाली, "आई, मटणाचे दोन पीस खाऊन घ्या ना. देवाले कोण सांगते?"

"देवाले कोणी नको सांगू वं. मले तं माहीत पडते ना."

दुसऱ्या दिवसापासून छोट्या गंजात वेगळी बडी शिजू लागली. मसाला तोच, तर्री तीच. आणि ती पहिल्या पंगतीत बसू लागली. शेजारीण हसली, "काय वं शांते, सासू आधी जेवून राहिली?"

शांता म्हणाली, "मागून जेवणारीच्या वाट्याले रस्सा येते, बडी नाई. रेखा, बस वं तूही. तुलेही हे वय येणारच आहे."

जेवण झालं की खांबाला धरून उठ-बस करायची. आधी दोन्ही हातांनी, मग एका हातानं. पुढे खांबाला एक बोट लावायची, तेही रेखा पाहत असली तर काढून घ्यायची. कुणी काही विचारलं की सांगायची, "भातानं पोट भरते, डाळीनं हात भरते." बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या. एका रविवारी तिनं मोठा गंज स्वतः उतरवला. रेखा धावली, "आई, राहू द्या!"

"सरक वं, पाय भाजन तुहा."

असं बरीच वर्षं चाललं.

या उन्हाळ्यात एका सकाळी तिनं बडी खाल्ली, हात न टेकता उठली, गंज उतरवला. पळी माझ्यासमोर धरली. "मीठ पाहा हो." मी चाखलं. मीठ बरोबर होतं. सांगायला वळलो तर ती खांबाला पाठ लावून बसली होती. मी सांगितलं, बरोबर आहे. तिनं ऐकलं नाही. डॉक्टर आले, म्हणाले, हृदय थांबलं.

मला रडू आलं नाही. अजून येत नाही. लोक येतात, बसतात, मी त्यांना पाणी देतो. खांब आहे तिथंच आहे.

तिला उचलायला गल्लीतली चार पोरं आली. दारातून नेताना एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "काकू भारी आहे गा."

मी म्हटलं, "हाव. कमावलेलं वजन आहे. नीट धरा."