घुंगरांचं ताट

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका अहवालाचं मुखपृष्ठ निवडत बसलो होतो. फोन ठेवला आणि पुन्हा तेच रंग बघत राहिलो… रडू आलं नाही, नुसता थकवा आला. संस्थांनी लोकांसाठी काढलेले उपक्रम खरंच उपयोगी पडतात का, हे तपासत ताई आणि मी कोल्हापूर जिल्हाभर फिरलो होतो. "ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारल्याशिवाय मी सही करणार नाही," हा ताईंचा हट्ट आणि माझी डोकेदुखी.

हुपरीचं पाळणाघर त्यातलंच. घरोघरी चांदीचे पैंजण घडवणाऱ्या बायकांची मुलं गॅसच्या ज्योतीपासून लांब राहावीत म्हणून ते काढलेलं. खोली मात्र रिकामी. विचारावं त्या घरी चहा पुढं यायचा आणि उत्तर एकच, "लई चांगलं हाय की!" मुलंच येत नाहीत म्हणून संस्था ते बंद करायला निघाली होती. ताईंनी कप बाजूला ठेवला, सरळ जमिनीवर बसल्या आणि ताटातली घुंगरं पैंजणाला अडकवू लागल्या. निम्मी वाकडी. त्या घरची शांताक्का पोट धरून हसली. "पावण्याला वंगाळ कसं सांगायचं ओ? आता कामाला बसलाय, आता सांगतो. तुमी तीन वर्सांच्या म्होरली पोरंच घेताय. ती जात्यात की बालवाडीत! आगीकडं जातंय ते रांगतं पोर."

एवढी साधी गोष्ट संस्थेच्या गळी उतरवताना ताईंची दमछाक झाली. बैठका, चकरा, "बघू या"… तोवर शांताक्काच्या रांगत्या नातीचा हात भाजला. मग कुठं नियम बदलला, आणि खोली भरली. मी पेढे आणले. ताईंनी हातात घेतलेला पेढा तसाच ठेवून दिला. "उशीर झाला रे," एवढंच म्हणाल्या.

परवा संस्थेनं पुन्हा पाहणी लावली, पाळणाघर पुढं चालवायचं की नाही हे ठरवायला. या वेळी मी एकटाच गेलो. ताई गेल्याचं सांगितल्यावर शांताक्का उठून आत गेली. मग चहा आला. पाळणाघर कसं चाललंय, मी विचारलं.

"लई चांगलं हाय."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एवढं लिहून संध्याकाळच्या एसटीनं परतता आलं असतं. पण शांताक्का माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि घुंगरांचं ताट पुढं सरकवलं.

"बसा खाली, सर. मग सांगतो."