अळणी वांगी

मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. तेरावं झालं, पाहुणे गेले आणि माझं जेवण सुटलं.

नागपुरात अजनीतला आमचा शेजारी रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होता. रविवारी तो डुकराचं मटण शिजवी. आम्ही शाकाहारी, म्हणून आधी घरापुढच्या ओट्यावरून अदबीनं सांगे, "मास्तर, खिडकी लावा. वराह चढवून राहिलो." मी शाळेत मराठी शिकवायचो. वराह संस्कृत आणि डुक्कर देशी शब्द, हे मीच त्याला सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "म्हणजे डुक्कर आपल्या गावचं, वराह पाहुणा!"

तेराव्यानंतरच्या रविवारी मात्र तो वांग्याची भाजी घेऊन आला आणि समोर बसला. मी एक घास खाल्ला.

"मीठ नाही."

"सुतकात तुमी अळणी खाता न?"

"सुतक संपलं."

"मंग सांगाचं नाही का!" तो धावत जाऊन मीठ घेऊन आला. "अळणी म्हणजे काय, मास्तर?"

"अलवण. लवण म्हणजे मीठ."

"आन् मीठ?"

"मिष्टवरून. म्हणजे गोड."

"खारट वस्तूले गोड? काहून?"

मी सांगू लागलो.

"पयले जेवा, मंग सांगा."

सांगण्यासाठी मी ताट संपवलं. पुढे तो रोज जेवणाच्याच वेळी एक शब्द विचारायला येई.

मग त्याची बदली झाली. तरी मी आता दोन्ही वेळा जेवतो.