जिभीला इचारू

“थांबा सिस्टर, जिभीला इचारू,” म्हणत मिस्त्री दोन वायरींची उघडी टोकं बोटांत धरायचे, मान जरा तिरकी करायचे आणि टोकं जिभेच्या उजव्या कडेला लावायचे. क्षणभर डोळे मिटलेले. मग निकाल. “करंट हाय. पण दम न्हाई.”

लहानपणी विजेरीच्या सेलला वायरी लावून तुम्हीही जिभेला झिणझिण्या आणल्या असतील. पण त्यावर संसार चालवणारा माणूस मी एकच पाहिला. अंबडला कोर्टाच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. मोटारसायकलींची फक्त लाइटची कामं करायचे. इंजिनाला हात लावायचे नाहीत. “ते लोहाराचं काम हाय,” म्हणायचे.

वकिलाच्या एका कारकुनानं आग्रह करून त्यांना मीटर घ्यायला लावलं होतं. ते पुसूनबिसून खिळ्याला टांगलेलं असे. शिकलेलं गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याला काटा हलवून दाखवायचे, आणि त्याची पाठ वळली की जिभेनं खरं काय ते बघायचे. “सहा व्होल्ट कच्च्या लिंबावानी, बारा व्होल्ट मिरचीवानी. उतरेल बॅटरी म्हंजे शिळं ताक.”

नव्वद सालच्या पुढेमागे मी तिथून दहा-बारा किलोमीटरवरच्या उपकेंद्रात नर्स होते. गाडी आमच्या मास्तरांची, म्हणजे नवऱ्याची. जुनी, सहा व्होल्टची. त्यांची कंबर धरली आणि गाडी माझ्याकडे आली. पदर खोचून मोटारसायकल चालवणारी बाई म्हणून लोक बघत. बघून झालं की आपापल्या कामाला लागत. बाळंतिणीच्या घरून निघेपर्यंत दिवस मावळायचा, त्यामुळे मला दिवा हवाच होता. आणि तो नेमका डावीकडे वळताना जायचा.

जालन्याच्या एका गॅरेजात तीन बल्ब आणि एक स्विच बदलून झाला होता. मिस्त्रींनी यातलं काहीच उघडलं नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि हँडल सावकाश डावीकडे नेलं. दिवा गेला. उजवीकडे आणलं, दिवा आला.

“बल्बाला डावं-उजवं कळतं का सिस्टर?”

“मला काय माहीत? मिस्त्री तुम्ही आहात.”

हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा वळतो, तिथली एक वायर त्यांनी चिमटीत धरून हलकेच ओढली. वरचं रबर लांबलं. आतली तार कधीच तुटलेली होती. टोकाला टोक टेकलं की उजेड, सुटलं की अंधार.

“वायर वरून कधी सांगत न्हाई,” ते म्हणाले. कथलाचा डाग देऊन त्यांनी जोड केला, आणि पुन्हा ताण येऊ नये म्हणून तिथं वायर थोडी सैल ठेवली. जाताना तंबी दिली, “मागचा बल्ब गेला तर जल्दी या. त्याच्या वाटणीचा करंट पुढच्याच्या डोक्यावर येतो, मंग तोबी जळतो.” सहा व्होल्टचे बल्ब तेव्हा बाजारात मिळेनासे होत होते. “तुमच्यासाठी एखादा बाजूला ठिवतो.”

पुढच्या एका खेपेला, दुपारच्या उन्हात, त्यांनी जीभ बाहेर काढली आणि उजव्या कडेला मला पांढरा चट्टा दिसला. मधे लाल, कडेनं जाड. तंबाखू आणि चुन्याची डबी हाताशी असायचीच.

“हे कधीपासून आहे?”

“चुन्यानं पोळलं.”

“पोळलेलं आठ दिवसांत बरं होतं.”

“मंग आठच दिवस झाले म्हणून लिव्हा.”

महिन्यानं विचारलं, तेव्हाही आठच दिवस झाले होते. लस टोचायची म्हणून कडब्याच्या गंजीआड लपवलेली पोरं मी शोधून काढलेली आहेत. भांडून, दरडावून बायकांना दवाखान्यात नेलेलं आहे. या माणसापुढं माझं काही चालेना. त्यांच्या बायकोला गाठलं, तर ती म्हणाली, “तुम्हीच सांगा सिस्टर. माझं बोलणं त्यांना ऐकूच येत न्हाई.”

शेवटी मी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. खाली ‘तातडीने’ असं लिहून दोन रेघा ओढल्या. मिस्त्रींनी ती वाचली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. “कागद जाड हाय,” एवढंच म्हणाले.

मग पोळ्याच्या बाजाराचा दिवस आला. रस्ताभर बैलांच्या झुली आणि गोंडे. माझा हॉर्न आणि ब्रेकचा दिवा दोन्ही बंद, म्हणून मी शेडवर गेले. हे दोन्ही बॅटरीवर चालतात. मिस्त्रींनी बॅटरीच्या वायरींची टोकं जिभेला लावली.

“मेली.”

समोरच्या दुकानातून भरलेली नवी बॅटरी आली. पुन्हा जीभ. “हीबी मेलेलीच.” तिसरी दुकानदार स्वतःच उचलून घेऊन आला. मिस्त्रींनी टोकं लावली, काढली, दाबून परत लावली.

“काय शेठ, डब्यात नुसतं पाणी भरून इकून राह्यले का?”

“सकाळपासून याच बॅटऱ्यांवर गाड्या गेल्या मिस्त्री. बिलकुल तक्रार न्हाई कोणाची.”

बैल घेऊन थांबलेले दोघं-तिघं हसायला लागले. मला उशीर होत होता. मी त्यांच्या डब्यातला एक बल्ब उचलला आणि टोकं त्याला लावली. भर दुपारी तो लख्ख पेटला. मग दुसऱ्या बॅटरीवर लावला. मग माझ्या जुन्या बॅटरीवर. तिथंही पेटला.

“मिस्त्री,” मी म्हणाले, “तीन बॅटऱ्या मेल्या का तुमची जीभ?”

असं बोलायला नको होतं, चारचौघांत तर नाहीच. पण बोलले.

त्यांनी वायरी माझ्या हातातून घेतल्या. टोकं जिभेच्या डाव्या कडेला लावली, तशी मान झटक्यानं मागे गेली. मग उजव्या कडेला लावली. काही नाही. पुन्हा डावी, पुन्हा उजवी. गाडी तपासावी तितक्याच शांतपणे त्यांनी स्वतःचं तोंड तपासलं.

“उजवीकडं करंट न्हाई सिस्टर.”

मग ते खाली बसले. फ्यूजची पट्टी गंजली होती, ती घासून बसवली आणि हॉर्न वाजवून दाखवला. बघे पांगले होते. “सणाचं झालं की जाऊ,” ते आपणहून म्हणाले.

औरंगाबादला मी बरोबर गेले. डॉक्टरांनी विचारलं, “किती दिवस झाले?” मिस्त्री सवयीनं “आठ” म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “आठ महिने.” डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं. मी नर्स आहे हे त्यांना कळलेलं होतं. गळ्याखाली गाठ आधीच आलेली होती. अर्धी जीभ काढावी लागली.

हिवाळ्यात मिस्त्री पुन्हा शेडवर बसले. बोललेलं कुणाला कळत नव्हतं. मीटर खिळ्यावरून खाली आलं होतं, आणि निकाल ते बोटांनी सांगायचे. गिऱ्हाईक दोनदा विचारायचं, मग तिसऱ्यांदा विचारण्यापेक्षा दुसरीकडे जायचं. उन्हाळ्यात गळ्याची गाठ पुन्हा वर आली आणि शेडला कुलूप लागलं.

मी त्यांच्या घरी जायची. जखम धुवायची, नाकातली जेवणाची नळी बघायची, दुखण्याची गोळी पूड करून द्यायची. याहून जास्त काही करता येणार नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी खुणेनं गाडी दारासमोर आणायला लावली. हातानं डावीकडे वळवल्याची खूण केली. मी हँडल डावीकडे नेलं. भिंतीवरचा उजेड सरकत गेला, पण विझला नाही. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

तेराव्यानंतर त्यांची बायको उपकेंद्रावर आली. पदराच्या गाठीतून लहानशी पुडी काढून तिनं टेबलावर ठेवली.

“तुमच्या गाडीचा मागचा बल्ब हाय. मागंच बाजूला ठिवेल होता त्यांनी. फुटू नाही म्हणून कागदात गुंडाळेल हाय.”

मी घड्या उलगडल्या. अक्षर माझंच होतं. खाली त्या दोन रेघा.

बल्ब शाबूत होता. गाडीचा मागचा त्याच आठवड्यात गेलेला होता. हा लगेच बसवला आणि अंधार पडायच्या आत घरी आले.