निळी आली की टाळ्या

लॅबमध्ये न मागता जमा होणाऱ्या गोष्टी दोन. लघवीच्या बाटल्या आणि किस्से! बाटल्या संध्याकाळी मोरीत ओतून देता यायच्या, किस्से कुठे ओतणार? रिटायर झालो तरी तसेच पडून आहेत. आता तुम्ही चहा पाजताय आणि वर विचारताय, "इनासभाऊ, त्या डायबिटीसच्या क्लासचं सांगा ना!" तर ऐका. पण हसायचं ते जरा जपून हसा.

वसईतलं आमचं हॉस्पिटल लहानसं, धर्मादाय. मी तिथला लॅबवाला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बोटाला टोचून घरच्या घरी साखर बघायचं मशीन आमच्या स्वप्नातही नव्हतं. ट्यूबमध्ये निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटेसारखं तांबडं झालं, की साखर भरपूर. मी आयुष्यभर हेच उकळलं. घरी बायको माझ्या हातचा चहा घ्यायची नाही!

तर वरच्या लोकांच्या डोक्यात आलं, की आपल्या नर्सना आणि आसपासच्या दवाखान्यांतल्या कंपाउंडरना डायबिटीसचं ट्रेनिंग द्यायचं. पेशंटला कसं समजवायचं, काय खायला सांगायचं, पाय कसे जपायचे, सगळं. दर शनिवारी दुपारी क्लास. शिकवायला मुंबईहून मोठे डॉक्टर. त्यांचं मराठी यथातथाच, म्हणून भाषांतराला मी. शिस्तीला मेट्रनबाई. आणि शिकायला एक जिवंत पेशंट हवा, म्हणून पार्वतीमावशी.

मावशी नायगावकडच्या मिठागरावर काम करायची. नवरा गेलेला, मुलगा ट्रकवर, घरात ती आणि सून रंजना. मावशीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला मिठाने चीर पडली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. क्लासला यायला ती का तयार झाली? मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, "दर शनिवारी ये, मोठे डॉक्टर फुकट बघतील, पाय वाचेल." तेवढ्यासाठी बिचारी येत होती. मला म्हणायची, "इनासभाऊ, पाय ऱ्हायला पायजे. पाय गेला तर मला मिठागरावर कोन उभी करील?"

* * *

पहिलाच शनिवार. विषय आहार. मोठे डॉक्टर मावशीकडे वळून म्हणाले, "सकाळी दोन टोस्ट, बिना लोणी. एक कप दूध, साय काढलेलं."

मी भाषांतर केलं. मावशी माझ्याकडेच बघायला लागली. "टोस्ट कोन देनार? आमी सकाळची पेज खातो."

"पेज? पेज म्हणजे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मेट्रनबाई पुढे. इंग्रजी बोलायची संधी त्या कधी सोडायच्या नाहीत. "सर, राइस सूप!"

"सूप! व्हेरी गुड!" डॉक्टर खूश. "सूप चालेल. सूप भरपूर घ्या!"

मी म्हटलं, "सर, पेज म्हणजे भातच. शिजवून पातळ केलेला." तोवर त्यांनी पुढचा कागद उलटला होता. सगळ्या नर्सनी वहीत लिहून घेतलं: 'पेज भरपूर.' मावशी खूश होऊन घरी गेली. एवढा मोठा डॉक्टर, पण गरिबाची पेज त्याने तोडली नाही!

* * *

पायांचा क्लास तर बघण्यासारखा होता. खिडक्यांना चादरी लावून अंधार केलेला, पडद्यावर स्लाइड. गोरापान पाय, कुठल्या तरी परदेशी माणसाचा. नखं कशी कापायची, बोटांच्या मधली जागा कशी पुसायची. "अनवाणी चालू नये. सुती मोजे घालावेत. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो."

मावशी हळूच मला म्हणाली, "बूट घालून खाऱ्या पान्यात उतरले तर मुकादम मला येड्याच्या इस्पितळात धाडील."

मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तिने दुसरी नोकरी बघावी." झालं!

पुढच्या रांगेत, खुर्चीवर, मावशी बसलेली. तिचा तो पाय, ती चीर, कडेने पांढरी पडलेली कातडी, सगळं तिथेच. तासभर पायांवर लेक्चर चाललं आणि एकानेही खाली वाकून तिचा पाय बघितला नाही. पायाबद्दल तिला काही बोललं गेलं ते एकदाच. दिवे लागले, डॉक्टर निघाले, तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, "मावशी, पाय आत घे. सर अडखळतील!"

* * *

इन्सुलिनचा तास वेगळा. ते थंड जागी ठेवायचं. क्लासमध्ये शिकवलं काय, तर फ्रीजच्या दारातल्या खणात ठेवा, बर्फाच्या खणात नको. परीक्षेतही तोच प्रश्न. सगळ्यांना पैकीच्या पैकी! गावात फ्रीज होता तो फादरांच्या बंगल्यात, आणि त्यात फादरांचं चीज.

अर्नाळ्याचा एक कोळी होता आमच्याकडे, इन्सुलिनवर. त्याला आमच्या पास झालेल्या नर्सबाईंनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. त्याने विचारलं, "फ्रीज नाय, मग?" तर म्हणाल्या, "मग कुठेही ठेव, पण थंड ठेव."

महिन्याने तो आला तो साखर आभाळाला टेकवून. बाटली बघितली, तर आत औषधाची गुठळी, आणि वास बोंबलाचा! होडीतल्या बर्फात, मासळीच्या खाली ठेवली होती. डॉक्टर भडकले. तोही भडकला. "बाई बोलल्या थंड ठेव. अख्ख्या अर्नाळ्यात माझ्यापेक्षा थंड कोन ठेवील?"

त्यावर मेट्रनबाईंनी भिंतीवर सूचना लावली. इंग्रजीतून.

* * *

गुड फ्रायडेचं तर अजून आठवलं की डोकं फिरतं. आमच्या गावातले एक शाळामास्तर, इन्सुलिन घेणारे. सकाळी इंजेक्शन घेतलं आणि उपास धरला. कोणी सांगितलंच नव्हतं, की उपास करायचा तर आधी विचारा. दुपारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मास्तरांना दरदरून घाम, हात थरथरताहेत, तोंडाने काहीतरी बडबड. आणि धाडकन बाकावरून खाली.

मागच्याच बाकावर आमच्या क्लासमधला कंपाउंडर, गोपाळ. मित्राबरोबर चर्च बघायला आला होता. साखर उतरली की घाम, थरथर, बडबड, हे त्याने परीक्षेत ओळीने लिहिलं होतं. मीच बघितलंय. तो पुढे झाला, मास्तरांच्या तोंडाशी वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "प्यायलाय!"

लोकांनी मास्तरांना उचलून बाहेर नेलं. दारू उतरावी म्हणून कोणीतरी लिंबू-साखरेचं पाणी त्यांच्या तोंडात ओतलं. त्यानेच मास्तर वाचले!

मी शनिवारी गोपाळला धरलं. "अरे शहाण्या, घाम, थरथर, बडबड... तुला शिकवलं होतं ना?"

तो म्हणाला, "इनासभाऊ, ते क्लासमध्ये! हे तर चर्चमध्ये पडले होते!"

मास्तरांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव पडलं ते पडलंच. 'गुड फ्रायडेलासुद्धा सोडत नाही!' त्यांच्या मुलीचं एक स्थळ त्यावरून मोडलं. गोपाळला पुढे सर्टिफिकेट मिळालं, आणि त्याने ते दवाखान्यात फ्रेम करून लावलं.

* * *

आता टाळ्यांचं सांगतो. ही मेट्रनबाईंची कल्पना. प्रत्येक नर्सला काही पेशंट वाटून द्यायचे. शनिवारी पेशंटनी घरून बाटली आणायची, आणि मी सगळ्यांसमोर उकळायची. निळी आली की टाळ्या! तांबडी आली की पेशंटने उभं राहायचं. मेट्रनबाई नर्सला झापणार, नर्स पेशंटला झापणार. ह्याला म्हणायचं 'पेशंट एज्युकेशन'. बॅच संपताना ज्या नर्सचे जास्त पेशंट निळे, तिला बक्षीस.

पार्वतीमावशी शैलाबाईंच्या वाट्याला आलेली. शैलाबाई वाईट नव्हत्या हो, पण बक्षिसाच्या मागे पार वेड्या झाल्या होत्या. टाळ्यांच्या पहिल्या शनिवारी मावशीची ट्यूब तांबडीलाल. येणारच, पेज भरपूर चालली होती!

"काल काय खाल्लंस? खरं बोल! खोटं बोललीस तर ट्यूब सांगते मला!" शैलाबाई सगळ्यांसमोर ओरडल्या. "तुझ्यापायी माझं नाव जातं! पाय कापला ना, की माझ्याकडे रडत येऊ नकोस!"

मावशी उभी होती. पदराचा बोळा तोंडावर धरून नुसती उभी.

पुढच्या शनिवारी निळी. टाळ्या! त्याच्या पुढच्याही शनिवारी निळी. मग कायमच निळी. मोठे डॉक्टर म्हणाले, "एक्सलंट!" आणि साखर नाही म्हणून मावशीच्या गोळ्या अर्ध्यावर आणल्या. मी मेट्रनबाईंना म्हटलं, "बाई, जखम वाढतेय आणि लघवी अशी निळीशार? रक्त तरी तपासू या." त्या म्हणाल्या, "इनास, तुमचं काम उकळायचं. उकळा."

शैलाबाईंना बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा! फोटोत मावशी त्यांच्या शेजारी उभी आहे, एका पायावर जोर देऊन.

* * *

अंगठा काळा पडला तेव्हा मावशीला मुंबईला पाठवली. तिथे अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. सांगून पाठवलं, साखर रक्तात फार आहे, ती आटोक्यात राहिली तरच बाकीचा पाय राहील. ती चिठ्ठी मी मेट्रनबाईंच्या हातात दिली.

मेट्रनबाईंनी वाचली आणि म्हणाल्या, "मुंबईला जाऊन भजी-बिजी हाणली असणार. आपल्याकडे तर निळी होती!"

त्या पायाचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर विचारू नका. पुढच्या पावसाळ्यात घोट्याच्या वरून कापला. मिठागर सुटलं. मला आजही त्या क्लासचा संताप येतो. मोठे डॉक्टर, मेट्रनबाई, त्या टाळ्या, सगळ्यांचा येतो. रागाचं औषध कोणी शिकवलं नाही आम्हाला.

पण शेवटचा किस्सा त्याच्या आधीचा आहे. पाय अजून होता तेव्हाचा.

* * *

नवी बॅच सुरू झाली होती. दोन बोटं गेलेला पाय फडक्यात बांधून मावशी पुन्हा शनिवारी आली. ह्या वेळी सोबत रंजना, सून. सातवा महिना लागलेला. मावशीला चालताना आधार हवा म्हणून आली होती. ती मागे भिंतीपाशी जाऊन बसली.

मेट्रनबाईंनी नव्या नर्सना सांगितलं, "हिच्याकडे बघा. मुंबईला जाऊन पथ्य मोडलं की असं होतं. आता परत आपल्याकडे आलीय, परत निळी होईल."

मावशीने पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. मी थेंब टाकले, ट्यूब दिव्यावर धरली. हिरवी झाली. पिवळी झाली. मी ट्यूब काढली असती, पण सगळे बघत होते. नारिंगी झाली, आणि बघता बघता विटेसारखी तांबडी.

शैलाबाई आता नव्या नर्सना दाखवायला पुढेच बसायच्या, त्या उठल्याच. "वाटलंच मला! एवढं पायाचं झालं, तरी तुझी जीभ सुटत नाही? लाज नाही वाटत?"

मावशीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती ट्यूबकडे बघत होती.

"इनासभाऊ, नीट बघा. तांबडीच हाय?"

"हो, मावशी."

"दुसऱ्या कोनाची तर नाय ना लागली हाताला?"

"नाही, मावशी. तुमचीच बाटली."

मावशी खुर्चीत बसली. मग मागे वळून रंजनाकडे बघितलं. रंजनाने मान खाली घातली होती, दोन्ही हात पोटावर.

"ती माझी नाय," मावशी म्हणाली. "रंजनाची हाय. त्या पयल्या तांबडीनंतर तिचीच आनते मी. तिची निळी यायची."

मी स्पिरिटचा दिवा विझवला. मोठे डॉक्टर मला विचारत होते, "काय म्हणाली? काय म्हणाली?" मी तांबडी ट्यूबच त्यांच्या हातात दिली.

शैलाबाई रंजनाकडे वळल्या. बोट वर केलं, तोंड उघडलं. त्या काही बोलणार, तेवढ्यात मावशी फडक्यातल्या पायावर उभी राहिली आणि दोघींच्या मधे आली. हात जोडले.

"तिला ओरडू नका, बाई," ती म्हणाली. "नायतर ती पन दुसऱ्या कोनाची आनील."