समुद्राची खालची मर्यादा

मी आयुष्यात मासा खाल्लेला नाही आणि कॅस्पियन समुद्रही पाहिलेला नाही. तरी त्या समुद्रात पाणी किती आहे आणि कसं आहे, हे सांगण्याचं काम तीन वर्षं माझ्याकडे आहे. इथे परदेशात, जुरोंग ईस्टला सतराव्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून बसायचं आणि दूर उत्तर किनाऱ्यावर रोवलेल्या यंत्रांचे आकडे बघायचे. आई पुण्याहून फोनवर विचारायची, "म्हणजे तू नक्की करतोस तरी काय रे?" मी म्हणायचो, "उंटावरून शेळ्या हाकतो." ती हसायची. मला ते फार हुशारीचं उत्तर वाटायचं.

ती यंत्रं दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची, त्यातला प्राणवायू आणि तेलाचा अंश पाठवतात. पण यंत्रांचे आकडे कधी स्वच्छ येत नाहीत. केबल कुरतडली जाते, बर्फ धरतं, बॅटरी मान टाकते, आणि मग यंत्र वाटेल ते बरळतं. ती बरळ गाळायची आणि गाळून जे भोक पडतं त्यात आधीचा शेवटचा बरा आकडा भरायचा, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. त्यासाठी प्रत्येक यंत्राला एक वरची आणि एक खालची मर्यादा द्यावी लागते. त्याबाहेरचा आकडा आला की यंत्र बिघडलं असं समजायचं.

खालची मर्यादा मी दिली. जुन्या नोंदींतली सगळ्यात खालची पातळी घेतली, तिच्याखाली थोडी जागा सोडली आणि फाईल सेव्ह केली. समुद्र याच्याखाली जाऊ शकत नाही, हे मी एका मंगळवारी जेवायला जाण्याआधी ठरवून टाकलं. मग खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवलो आणि जुरोंगच्या तळ्याला एक फेरी मारली. ते तळं बारा महिने काठोकाठ एकाच रेषेत असतं.

समुद्र आटतोय हे मला माहीत नव्हतं असं नाही. प्रकल्पाच्या कागदांत पहिल्याच पानावर सगळं होतं. वरच्या नद्यांवर धरणं, वाढलेलं ऊन, तेलविहिरींचा तवंग, किनाऱ्याला लागणारे मेलेले सील, आणि अंड्यांच्या हव्यासापायी माणसांनी जवळजवळ संपवलेला स्टर्जन मासा. ते वाचून मी चांगला हळहळलो होतो. हळहळलो, आणि मग दुसऱ्या खिडकीत जाऊन मर्यादा टाइप केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा असा नीटनेटका असतो.

त्या किनाऱ्यावर स्टर्जनचं एक मत्स्यबीज केंद्र आहे. पिल्लं हौदांत वाढवायची आणि बोटाएवढी झाली की समुद्रात सोडायची, हे तिथलं काम. हौदांना पाणी समुद्रातून पाइपाने येतं. पातळी पाइपाच्या तोंडाजवळ उतरली की आमच्या प्रणालीने केंद्रात घंटा वाजवायची आणि पंप बंद करायचा, अशी व्यवस्था होती. केंद्र एक बाई चालवायच्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असाव्यात. त्यांची भाषा मला येत नाही. त्या मशीनकडून भाषांतर करून दोन-दोन ओळी पाठवायच्या.

पहिली मेल आली: "इथे पाणी नाही. तुमच्या पडद्यावर पाणी आहे. कृपया बघा." मी पडदा बघितला. पातळीची रेष सरळ, शांत. मी लिहिलं, सेन्सर बिघडलाय, साफ करा. आणि तिकीट बंद केलं. तक्रारीला आम्ही तिकीट म्हणतो, आणि दिवसाला किती तिकिटं बंद केली यावर आमची हुशारी ठरते.

दुसरी मेल: "साफ केला. तसंच आहे." मी लिहिलं, मग बॅटरी बदला. तिकीट बंद.

तिसऱ्या मेलमध्ये फोटो होता. भेगाळलेला करडा चिखल, त्यावर तेलाची काळसर साय, मधोमध यंत्राचा खांब कोरडा ठाक, आणि शेजारी त्यांनी आपला एक गमबूट ठेवलेला. खांब केवढा उघडा पडलाय ते मला कळावं म्हणून. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण मला आरसाही पुरला नाही. मी लिहिलं, खांब चुकीच्या जागी रोवलेला दिसतोय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पाइपाचं तोंड खांबाच्या बरंच पुढे, अजून पाण्यात होतं. दिवसा त्या स्वतः जाऊन तिथलं पाणी बघून यायच्या. रात्रीची भिस्त घंटेवर. तिथे जमिनीकडून वारा सुटला की उथळ पाणी काही तासांत लांबवर मागे सरकतं. तसा वारा सुटला. पाइपाचं तोंड उघडं पडलं. आमच्या पडद्यावर मात्र मी भरलेला जुना आकडा होता, म्हणून घंटा वाजली नाही. पंप चिखल आणि तवंग ओढत राहिला. चौथी मेल सकाळी आली: "या वर्षीची सगळी पिल्लं गेली."

मी गाळण्याआधीचे कच्चे आकडे उघडले. खांब कोरडा पडेपर्यंत यंत्राने पाऊल-पाऊल उतरणारं पाणी बिनचूक सांगितलं होतं, आणि नंतर कोरडं आहे हेही सांगितलं होतं. अडीच महिने. मीच ते पुसून वर माझं पाणी भरत होतो. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मेलेल्या पिल्लांचा नव्हता, माझ्या नोकरीचा होता.

आमचे साहेब मूळचे दादरचे, वीस वर्षांपूर्वी इथले झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लावलं. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. लिमिट बदल. रिपोर्टमध्ये सेन्सर फॉल्ट लिही. तुझा इथला वर्क पास रिन्यूअलला आलाय ना? मग!"

मी सेन्सर फॉल्ट लिहिलं. माझ्या हाताने.

आठवड्याभराने पाचवी मेल आली. "इथे चौकशी चालू आहे. यंत्राची देखभाल माझ्याकडे होती. तुमचा रिपोर्ट दाखवून ते म्हणतात, मी हयगय केली. मला काढतील. मी तीनदा लिहिलं होतं, एवढं तरी तुम्ही सांगाल का?"

त्या संध्याकाळी बायको लिटिल इंडियाच्या बाजारातून गवार घेऊन आली होती. ती नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. टेबलाशी बसून ती शेंगा मोडत होती आणि मी तिला सगळं सांगत होतो, अर्थात माझी बाजू जरा उजळ करून. म्हटलं, असा आकडा आला की यंत्रच बिघडलेलं असतं, शंभरातल्या नव्याण्णव वेळा.

"आमच्याकडेही असतं," ती म्हणाली. "पण मॉनिटरवर आकडा पडला की आम्ही आधी पेशंटकडे बघतो. अरे, ती बाई तिथे उभी होती ना? पायातला बूट काढून दाखवला तिने तुला. अजून काय करायचं होतं तिने?"

तिने माझ्यापुढे शेंगा सरकवल्या. मी दोन मोडल्या आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना न विचारता मी पत्र लिहिलं. बाईंच्या केंद्राला, चौकशी करणाऱ्यांना आणि आमच्या ऑफिसात सगळ्यांना. सोबत कच्चे आकडे, तिन्ही मेल आणि तो फोटो. खालची मर्यादा मी घातली, तक्रारी मी बंद केल्या, रिपोर्ट मी खोटा लिहिला. यंत्र चांगलं होतं, आणि ते सांभाळणारी व्यक्तीही. साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. पास वाढवून मिळाला, पण दोन वर्षांऐवजी एका वर्षाचा.

बाईंची नोकरी राहिली. त्यांनी आभार मानले नाहीत, आणि का मानावेत? एवढंच लिहिलं, "खांब सहाशे पावलं पुढे नेला, पाइपही नेला. पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं. कृपया भोकं भरू नका."

मी भरणं बंद केलं. आता आकडा मर्यादेखाली गेला की तिकीट उघडतं आणि त्यांना एक ओळ जाते: जाऊन बघाल का?

गेल्या महिन्यात ती ओळ पहिल्यांदा गेली. मी डबा न उघडता उत्तराची वाट बघत बसलो. यंत्र बिघडलेलं असू दे, असं मनापासून वाटत होतं. तीन तासांनी उत्तर आलं.

"बघून आले. यंत्र ठीक आहे. समुद्र इथूनही गेला."

ते तिकीट मी अजून बंद केलेलं नाही.