काळ्याच्या फेऱ्या

शहराबाहेर, जानकीपुरमच्याही पुढे आमच्या संशोधन संस्थेचं प्रायोगिक शेत होतं. नव्वदच्या दशकात तिथल्या नोंदी माझ्याकडे होत्या. नीलगाईंना हाकलायला शेतावर दोन कुत्री पाळलेली होती, एक काळा आणि एक तांबडी.

एका हिवाळ्यात नीलगाईंनी मोहरीचे चार प्लॉट खाल्ले. त्यातले दोन माझ्या तीन वर्षांच्या कामाचे. शेताचे अधीक्षक साहेब, त्यांनी सगळा दोष कुत्र्यांवर ढकलला. दिवसभर झोपतात, कामाची नाहीत, नगर निगमची गाडी बोलावून त्यांना उचलायला लावू, असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं. मी हरकत घेतली.

"मॅडम, कुत्ते सोते हैं और आप लिस्ट बनाती हैं," ते म्हणाले. "दोनों से खेत नहीं बचता."

सगळे हसले. गाडी सोमवारी येणार होती आणि तो बुधवार होता. हा माणूस सगळ्यांसमोर तोंडघशी पडला पाहिजे, एवढं मी घरी जाताना ठरवून टाकलं.

गुरुवारी सायकलच्या चाकाला खूण करून मी काळ्याच्या मागे फिरले आणि चाकाच्या फेऱ्या मोजल्या. संध्याकाळी आकडा पाहून खूश झाले. शेताचा चौकीदार मात्र हसायला लागला. "दीदी, वो तो आपके साथ घूम रहा था. टोकरी में रोटी जो है." मी वळले की काळाही वळत होता, हे तेव्हा लक्षात आलं. पान फाडलं. तो आकडा साहेबांच्या हाती लागता, तर त्यांनी माझंच हसं केलं असतं.

मग पद्धत बदलली. प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यावर नंबराची खुंटी होतीच. शुक्रवारपासून तीन दिवस चौकीदार आणि मी आळीपाळीने मचाणावर बसलो आणि दर पाच मिनिटांनी कोणतं कुत्रं कोणत्या खुंटीजवळ आहे ते लिहिलं. विकास नगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून मी खुंटीवरून खुंटीवर शिवणाचा धागा लावत गेले. आमचे हे ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवले. धागा मोजून नकाशाच्या प्रमाणात वाढवला, तर काळा दिवसाला पंधरा किलोमीटर चालत होता, तांबडी थोडी कमी.

पण नकाशाच्या पश्चिम कोपऱ्यात धाग्याचा नुसता गुंता झाला होता. सोमवारी सकाळी तिथे जाऊन पाहिलं. कुंपणाची तार तुटून जीप जाईल एवढं भगदाड पडलेलं. दिवसभर दोघं तेच राखत होती. साहेबांच्या क्वार्टरपर्यंत भुंकणं ऐकू येतं म्हणून त्यांच्याच हुकमाने कुत्र्यांना रात्री बांधून ठेवत, आणि नीलगाईंना रान मोकळं मिळे. पश्चिमेचं कुंपण दुरुस्त झालं, स्वतः पाहिलं, अशी साहेबांची महिन्यापूर्वीची सही फाइलमध्ये होती.

नकाशा आणि फाइल मी संचालकांसमोर ठेवली. साहेब म्हणाले, धाग्याने कुठे अंतर मोजतात का?

"तो चलकर देख लीजिए, सर," मी म्हणाले. "काले का एक दिन."

संचालकांनी फाइलमधली सही दोनदा पाहिली. "जाइए," ते साहेबांना म्हणाले. "मॅडम साथ जाएँगी." नगर निगमची गाडी त्यांनी परत पाठवली.

आदल्या दिवशीच शेताला पाणी दिलेलं होतं. साहेबांच्या पायात ऑफिसचे बूट. मी एकेका खुंटीचा नंबर वाचत पुढे, ते चिखलातून मागे. भगदाडापाशी ते थांबले आणि हळूच म्हणाले की ठीक आहे, दिसलं, आजच तार लावून घेतो.

पुराव्याचं काम तिथेच संपलं होतं. मी त्यांना तिथे सोडू शकले असते.

"अभी तो पहला चक्कर है, सर," मी म्हणाले आणि पुढची खुंटी वाचली.

सातव्या फेरीला ते बांधावर बसले आणि बुटातलं पाणी ओतू लागले. मचाणाखाली चौकीदार आणि चार मजूर उभे होते. साहेब बूट घालेपर्यंत मी वाट पाहिली आणि आठवी फेरी सुरू केली.